विजेचा अंधार सर्वांस सारखाच काय?

वीज गेली म्हणजे श्रीमंताचा वाडा आणि गरिबाची झोंपडी एकाच क्षणीं अंधारांत बुडतात, असें सामान्यतः समजलें जातें. हें मत कितपत खरें आहे, याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. या प्रश्नाचे दोन भाग पडतात. वीज कोणाची अधिक जाते, हा पहिला; आणि गेल्यावर हानि कोणाची अधिक होते, हा दुसरा.

२००५ सालच्या सुमारास महाराष्ट्रांत विजेची मागणी पुरवठ्याहून फार वाढली आणि भारनियमन, म्हणजे ठराविक वेळीं पुरवठा बंद ठेवणें, नित्याचें झालें. कोणत्या भागास किती वेळ अंधार, हें ठरवितांना वीज नियामक आयोगानें गळती व वसुली यांस मुख्य कसोटी मानिलें. या कसोटींत कोणाची मिळकत विचारलेली नव्हती, म्हणून ती वरकरणी न्याय्य दिसते. परंतु लांबलचक तारा, विरळ वस्ती आणि मीटरविना चालणारे शेतीपंप यांमुळें ग्रामीण भागांत गळती सहजच अधिक भरते. शिवाय शिक्षा भागास होते, व्यक्तीस नव्हे. वेळेवर बिल भरणारी विधवाही आकडा टाकणाऱ्या शेजाऱ्याबरोबर अंधारांत बसते.

आमच्या मोडनिंबावरून पुणें-सोलापूर रस्ता जातो. त्याच रस्त्याच्या एका टोकास, पुण्यांत, २००६ सालीं एक योजना अमलांत आली. कारखानदारांनीं आपलीं जनित्रें चालवून सार्वजनिक विजेवरील भार हलका करावा आणि तो वाढीव खर्च ग्राहकांनीं जादा आकार देऊन सोसावा, असें ठरलें व शहराचें भारनियमन टळलें. मुंबईही बहुतांशीं त्यांतून मुक्त राहिली. खेड्यापाड्यांत मात्र दिवसाचे दहा-बारा तास वीज नसणें हें नवल राहिलें नव्हतें. २०१२ च्या अखेरीस कमी गळतीच्या भागांचें भारनियमन बंद झालें; अधिक गळतीचे भाग मागें राहिले.

आतां दुसरा भाग पाहूं. बारा व्होल्ट व दीडशें ॲम्पियर-तास यांच्या एका बॅटरींत १,८०० वॅट-तास शक्ति सांठते. दोन पंखे व चार लहान दिवे यांस सुमारें १९० वॅट लागतात. घट वजा जातां ते सहा-सात तास चालतात. ज्याच्या घरीं अशी बॅटरी आहे, त्यास वीज गेल्याची वार्ताही उशिरां कळते. ज्याच्या घरीं ती नाहीं, त्याच्या मुलाचा अभ्यास थांबतो. गिरणी बंद, म्हणून पीठ नाहीं. पंप बंद, म्हणून नळास पाणी नाहीं. शिलाईयंत्राच्या मोटरीवर पोट असणाऱ्याची त्या दिवसाची मजुरीच बुडते.

तात्पर्य, तार एकच असली तरी अंधार एकसारखा नसतो. यावर उपाय दोन आहेत. गळतीचा हिशेब विभागाऐवजीं एकेका रोहित्रापर्यंत नेला, तर अपराध्याबरोबर निरपराध्यास दंड होणार नाहीं. दुसरा उपाय आपल्या हातचा आहे. प्रत्येकानें आपलें बिल वेळेवर भरावें, आकड्यास थारा देऊं नये; आणि ज्या घरीं वीज गेल्यावरही दिवा राहतो, त्यानें परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या मुलांसाठीं आपलें दार उघडें ठेवावें. एका दिव्याखालीं चौघे वाचीत बसले, तरी त्याचा उजेड कमी होत नाहीं.