लाडू आला, वळणारा राहिला

मुरगूडचा माणूस कामासाठी कोल्हापूरला गेला, की वेळात वेळ काढून अंबाबाईचं दर्शन घेतो आणि येताना प्रसादाचा लाडू आणतो. मधली काही वर्षं हे लाडू कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहातले बंदी वळत होते. घरी आल्यावर लाडू आधी देवापुढे ठेवायचा, मग चिमूट चिमूट सगळ्यांना. कुणी वळला, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. पण तोच वळणारा शिक्षा भोगून गावात आला आणि मिठाईच्या दुकानात काम मागू लागला तर? तुरुंगातल्या कलेचं आपलं कौतुक बहुधा या प्रश्नाच्या अलीकडेच थांबतं.

नाशिकरोडच्या कारागृहात बंदी गणेशमूर्ती घडवतात. त्या विक्रीला मांडल्या जातात, लोक हौसेनं नेतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. फोटोत मूर्ती असते आणि अधिकारी असतात. ब्रिटनमध्ये आर्थर कोस्लर या लेखकाच्या पुढाकारानं 1962 मध्ये कैद्यांच्या कलेसाठी पुरस्कार सुरू झाले. स्पेनच्या यादवी युद्धात 1937 साली तो स्वतः फाशीच्या छायेत तुरुंगात बसला होता. ब्रिटनमध्येही चित्रं दरवर्षी प्रदर्शनात लागतात आणि विकलीही जातात. चित्रकार मात्र बहुधा निनावी असतो. यात बंद्याची सोय आहे, आणि ज्याच्यावर त्यानं अन्याय केला त्या घराचाही विचार आहे, हे मान्य. पण वस्तूला दार उघडलं म्हणजे माणसाला उघडलं असं होत नाही.

आपल्याकडे तुरुंगातल्या निर्मितीचं नाव निघालं, की साने गुरुजी आठवतात. 1933 मध्ये नाशिकच्याच तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्याआधी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनंही त्यांनीच उतरून घेतली. मला हे दाखले इथे गैरलागू वाटतात. राजबंदी सुटला की लोक हार घेऊन वेशीवर उभे राहत. खुनाच्या गुन्ह्यात दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसासाठी कोण उभं राहणार?

हा प्रश्न औंध संस्थानानं मनावर घेतला होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांच्या काळात, 1939 च्या सुमारास, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचं. त्याच मुलखात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी तो धागा पटकथेत आणला आणि कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. पुढच्या वर्षी बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं.

त्या चित्रपटातलं प्रार्थनेचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो बाजाराचा प्रसंग. सहा कैदी पिकवलेली भाजी घेऊन बाजारात बसतात, रास्त भावात विकतात. गिऱ्हाईक वळतं आणि व्यापाऱ्याचं पित्त खवळतं. मग मारहाण होते, आणि हात न उगारता ती सोसावी लागते. कैदी सुधारला की नाही याची परीक्षा माडगूळकरांनी तुरुंगात घेतली नाही, भर बाजारात घेतली. परीक्षा बाजाराचीही झालीच.

मुरगूडसारख्या गावात चित्रांचं दालन नसतं, भजनी मंडळ मात्र असतं. म्हणून 2022 मध्ये कारागृह विभागानं राज्यभरच्या तुरुंगांत घेतलेली भजन-अभंगांची स्पर्धा मला मूर्ती आणि चित्रांपेक्षा जास्त कामाची वाटते. भजनाला एकट्याचं नाव लागत नाही, पण एकट्यानं ते होतही नाही. पखवाजाच्या धुम्याला भिजवलेली कणीक थापायची, हातानं वाजवून बघायची, जास्त झाली तर चिमटीनं काढायची. बुवानं चरण सोडला की टाळकऱ्यांनी तो एका दमात उचलायचा. यात शेजाऱ्याकडे कान द्यावाच लागतो. बराकीत हे अंगवळणी पडलेल्या माणसाला गावात बसायला सतरंजी आधीच अंथरलेली असते.  

शिवाय आत सगळे शिक्षा झालेलेच नसतात. देशातल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. खटला संपलेला नाही, आणि पक्क्या कैद्यासारखं सक्तीचं कामही त्यांना नसतं. दिवस नुसता अंगावर येतो. टाळ हातात यायला गुन्हा शाबित व्हावा लागत नाही.

फर्लोवर, म्हणजे संचित रजेवर आलेल्या बंद्याला पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागते. त्याच दिवसांत गावात हरिनाम सप्ताह असला तर? फिर्यादीचं घर त्याच गल्लीत असेल तर मंडळानं आधी तिथे जाऊन विचारावं. नकार आला तर तो पाळावा, आणि शेजारच्या गावच्या मंडळाकडे शब्द टाकावा. होकार आला तर भजनाच्या पाळ्यांच्या याद्या लावताना त्याचंही नाव लिहावं, आडनावासकट.