भट्टीची नाडी

आपल्याला ताप आला की डॉक्टर थर्मामीटर लावून तो मोजतात. कारखान्यातील भट्टीचा तापही असाच मोजावा लागतो, आणि तोही सतत. मोटारीचे गिअर कठीण व टिकाऊ व्हावेत म्हणून ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. उष्णता कमी पडली तर गिअर मऊ राहतो. ती फार वाढली तर पोलाद ठिसूळ होते. पण एवढ्या उष्णतेत पाऱ्याचा थर्मामीटर कसा टिकणार? पारा तर ३५७ अंशांनाच उकळतो!

मग भट्टीची नाडी कोण पाहते? हे काम थर्मोकपल करते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या की थर्मोकपल तयार होते. १८२१ साली थॉमस झेबेक या शास्त्रज्ञाने दोन भिन्न धातू दोन्ही टोकांना जोडले व एक जोड तापवला. तेव्हा जवळची चुंबकसूची हलली. झेबेकला हा चुंबकत्वाचा परिणाम वाटला. परंतु खरे कारण होते उष्णतेमुळे निर्माण झालेली वीज.

कारखान्यांत ‘के’ प्रकारचे थर्मोकपल पुष्कळ वापरतात. त्याची एक तार क्रोमेलची आणि दुसरी ॲल्युमेलची असते. तारांचा जोड भट्टीच्या आत असतो. मोकळी टोके बाहेर कंट्रोलर नावाच्या यंत्राला जोडलेली असतात. भट्टी ९०० अंशांवर असताना सुमारे ३७ मिलिव्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो. टॉर्चच्या सेलच्या दाबाचा हा जेमतेम चाळिसावा भाग! एवढ्याशा विजेवरून कंट्रोलर तापमान ओळखतो. ते कमी असेल तर तो हीटर चालू करतो व पुरेसे झाले की बंद करतो.

आता समजा, तुम्ही भट्टीजवळ उभे आहात. अचानक कंट्रोलरवरचा आकडा नाहीसा झाला. त्याच्या जागी ‘ओपन’ किंवा ‘एरर’ असा शब्द किंवा नुसत्या रेघा दिसू लागल्या. याचा अर्थ काय? भट्टीच बिघडली, असे समजू नका. थर्मोकपलची तार तुटली आहे किंवा तिचा स्क्रू सैल झाला आहे, असे यंत्र सांगत आहे.

यंत्राला हे कसे कळते? अनेक कंट्रोलर तारांमधून अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतात. तार तुटली की त्याचा मार्ग बंद होतो. मग कंट्रोलर इशारा देतो आणि हीटर बंद करतो. अशी सोय नसती तर काय झाले असते? तुटलेल्या तारेतून वीज येत नाही. यंत्राला भट्टी थंड वाटली असती. त्याने हीटर चालूच ठेवला असता आणि आतला माल व भट्टी दोन्ही जळून गेली असती. म्हणून चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा ‘मला माहीत नाही’ असे सांगणारे यंत्र अधिक भरवशाचे.

मात्र प्रत्येक दोष यंत्राला कळतोच असे नाही. दोन्ही तारा भट्टीबाहेर एकमेकींना चिकटल्या, तर यंत्र त्या जागेचे तापमान दाखवते. भट्टी लाल झालेली असते आणि आकडा मात्र ४० वर असतो! तारा उलट जोडल्या, तर भट्टी तापत जाते तसा आकडा उतरत जातो. अशा वेळी कोणताही इशारा येईलच असे नाही. तेथे माणसाची नजरच उपयोगी पडते.

इशारा दिसला तर तो पुसून भट्टी पुन्हा चालू करू नये. जाणकार कारागिराला बोलवावे. तो आधी वीज बंद करतो, स्क्रू तपासतो आणि मल्टिमीटरने तार अखंड आहे का ते पाहतो. थर्मोकपल तुटलेले असेल तर त्याच प्रकारचे नवे बसवतो. धन तार कोणती व ऋण कोणती, हे ओळखण्याची त्याच्याकडे एक सोपी युक्ती असते. थंड असताना ॲल्युमेलची ऋण तार लोहचुंबकाकडे ओढली जाते; क्रोमेलची ओढली जात नाही.

मित्रांनो, यंत्राचा इशारा ही तक्रार नसते. ती वेळेवर दिलेली खबर असते. ती वाचायला शिकलेला कारागीर मालही वाचवतो आणि माणसेही.

स्वाध्याय
१. भट्टीत पाऱ्याचा थर्मामीटर का वापरता येत नाही?
२. ‘ओपन’ हा शब्द दिसला तर काय समजावे?
३. कोणते दोष यंत्राला कळत नाहीत? ते माणसाला कसे कळतात?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : कठीण, सैल, अखंड, सूक्ष्म.