थंडीत अडून बसणारे इंजिन

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावी पहाटे फिरावयास निघाले, तर एक आवाज हमखास कानी पडतो. तुरीच्या मळणीसाठी शेतावर न्यावयाचा ट्रॅक्टर किंवा कारंज्याच्या बाजारास माल घेऊन निघालेला टेम्पो अंगणात उभा असतो. चालक किल्ली फिरवितो. इंजिन कण्हते, घरघरते आणि गप्प होते. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मग शेजारी जमतात. कोणी म्हणतो, "डिझेल गोठले." कोणी म्हणतो, "पंप गेला." कोणी गाडी ढकलण्यासाठी बाह्या सरसावतो. हेच इंजिन दुपारी मात्र किल्ली फिरविताच धडधडू लागते. असे का व्हावे?

याचे उत्तर डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम झालेले तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. आग्नेय आशियातील लोक पूर्वी एका बंद नळीत दट्ट्या जोराने हाणून, त्याच्या टोकाशी ठेवलेला भुसा पेटवीत असत. त्यामागचे तत्त्वही हेच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने त्यावर आपले इंजिन उभारले. १८९३ साली त्यास पेटंट मिळाले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन समाधानकारकपणे चालले. गंमत अशी की, उष्णतेच्या बळावर चालणारे हे यंत्र निर्माण करणारा गृहस्थ त्यापूर्वी बर्फ बनविण्याच्या यंत्रांच्या धंद्यात होता!

या इंजिनात दट्ट्या, म्हणजे मिस्त्रींचा पिस्टन, सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्यामुळे हवेचे तापमान काही शे अंशांपर्यंत चढते. ऐन त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचे बारीक तुषार आत येतात आणि आपोआप पेटतात. म्हणजे इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, डिझेल आत पोचले पाहिजे आणि हवा पुरेशी तापली पाहिजे.

थंडी या तिहींवर आघात करते. इंजिनातील वंगणतेल दाट होते, त्यामुळे फिरविण्यास जोर अधिक लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावून तिचा जोर घटतो. आरंभी हवा वीस अंशांनी थंड असेल, तर दाबल्यानंतर ती सुमारे पन्नास अंशांनी थंड राहते. शिवाय सिलिंडरच्या गार भिंती तिची उष्णता शोषून घेतात. इंजिन संथ फिरले, तर दाबलेली हवा दट्ट्याच्या कड्यांमधून निसटण्यास आणखी अवधी मिळतो.

तथापि, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वाशीमकडील थंडी फार कडक नव्हे. रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास, क्वचित त्याखाली जाते. एवढ्या थंडीत निरोगी डिझेल इंजिन सुरू झालेच पाहिजे. सबब, थंडी हा रोग नव्हे. आधीच जडलेला रोग ती उघडा पाडते. "डिझेल गोठले" हे निदानही येथे बहुधा चुकीचेच असते. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्याचे डिझेल ६ अंशांपर्यंत गाळणीतून सुरळीत गेले पाहिजे. उन्हाळ्यात मात्र ही मर्यादा १८ अंशांची असते. म्हणून वैशाखात भरून ठेवलेले पिंप पौषात उघडले, तर मेणासारखा गाळ फिल्टरमध्ये अडकणे शक्य आहे. डिझेल खरोखर गोठते ते लडाखसारख्या प्रदेशात. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारे डिझेल २०१९ सालापासून विकले जाऊ लागले.

मग रोग ओळखावा कसा? चांगला मिस्त्री पान्हा हाती घेण्यापूर्वी कान आणि डोळे वापरतो. प्रथम तो इंजिन फिरण्याचा आवाज ऐकतो. ते रडत-रडत फिरत असेल, तर दोष बॅटरीत, तिच्या जोडण्यांत किंवा सेल्फमध्ये आहे. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना तो आकडा साडेनऊच्याही खाली घसरला, तर तिच्याविषयी संशय घ्यावा. पण नवी बॅटरी आणण्यापूर्वी तिच्या टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार खरवडून पाहावा. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

इंजिन जोमाने फिरते, पण पेटत नाही, अशा वेळी धुराड्याकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचत आहे, मात्र ते न जळताच बाहेर पडत आहे. म्हणजे उष्णतेची वाण आहे. ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात, त्यांतील एखाद-दुसरा प्लग जळालेला असू शकतो. इतर इंजिनांत झिजलेल्या कड्यांतून किंवा नीट न बसणाऱ्या झडपांतून हवेचा दाब निसटत असतो. हा दोष खर्चाचा. त्याला वरवरचा उपाय नाही.

धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. याचे अगदी नेहमीचे कारण म्हणजे नळीत शिरलेली हवा. मिस्त्री म्हणतात, "गाडीने एअर घेतली." तडकलेली रबरी नळी किंवा दबलेले तांब्याचे वायसर यांतून रात्रभर हवा आत झिरपते आणि डिझेल मागे टाकीत उतरते. हातपंपाने डिझेल चढवून, फिल्टरवरील स्क्रू ढिला करून बुडबुडे काढले की इंजिन चालू होते. पण दुसऱ्या सकाळी तक्रार पुन्हा तीच! येथे चालकास एक प्रश्न विचारणे फार मोलाचे ठरते : उन्हाळ्यातही गाडी रात्रभर उभी राहिल्यावर असेच होते काय? उत्तर "होय" असेल, तर थंडीचा संबंध नाही. हवा शिरण्याची जागा शोधली पाहिजे. काही रुपयांच्या वायसराचे हे काम असता, केवळ तर्काने हजारो रुपयांचा पंप उघडला गेल्याची उदाहरणे खेडोपाडी ऐकू येतात.

घाईस आलेले लोक काही वेळा हवेच्या नळीशी रॉकेलचा बोळा पेटवून धरतात, किंवा इंजिनाखाली जाळ करतात. हे अत्यंत घातक आहे. डिझेलच्या नळ्या तेथून हातभर अंतरावर असतात. ईथरचा फवारा हीटर प्लगच्या इंजिनात मारल्यास तो अवेळी भडकून दट्ट्या फुटू शकतो. बंद गोठ्यात किंवा कोठीत इंजिन धडधडत ठेवणेही योग्य नव्हे, कारण त्याच्या धुरात विषारी वायू असतो.

अलीकडच्या गाड्यांत डिझेलचा दाब आणि फवाऱ्याची वेळ संगणक ठरवितो. पुरेसा दाब निर्माण झाल्याखेरीज तो नोझल उघडू देत नाही. अशा गाडीचा दोष शोधण्यास स्कॅनर नावाचे उपकरण लावावे लागते. तरीही जाणता मिस्त्री स्कॅनर जोडण्यापूर्वी बॅटरीची टोके हाताने हलवून पाहतोच.