नोंद नसलेले हक्क आणि अनुच्छेद २१

अमेरिकेच्या संविधानातील १७९१ ची नववी दुरुस्ती असे बजावते की, काही हक्कांची नोंद झाली म्हणून जनतेचे इतर हक्क नाकारले जाऊ नयेत. भारतीय राज्यघटनेत असे कलम नाही. त्यामुळे नोंद नसलेल्या हक्कांना येथे जागा मिळाली ती मुख्यतः अनुच्छेद २१ मध्ये, ज्यानुसार कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावता येत नाही. १९५० च्या गोपालन खटल्यात याचा अर्थ संकुचित राहिला होता. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात मात्र ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, असे ठरले.

या अर्थविस्ताराचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात दिसतात. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात राज्य सरकारने त्यांना हटवायचे ठरवले, तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी न्यायालयात गेले. काम मिळते तेथेच राहावे लागते आणि जागा गेली की कामही जाते, असे त्यांचे म्हणणे होते. उपजीविकेचा उल्लेख राज्यघटनेत आहे, पण तो निदेशक तत्त्वांत, म्हणजे शासनाला दिशा देणाऱ्या, परंतु न्यायालयामार्फत बजावून घेता न येणाऱ्या तरतुदींत. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९८५ मध्ये ही तत्त्वे आणि अनुच्छेद २१ एकत्र वाचून, जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असा निर्णय दिला.

हक्क मिळाला, फुटपाथ मात्र नाही. नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याची मुभा देणारे महापालिका कायद्याचे कलम ३१४ वैध ठरले, फक्त ती मुभा अपवादानेच वापरावी, असे सांगितले गेले. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना मालवणी किंवा अन्य सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, पण ती हटवण्याची पूर्वअट नव्हे. आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणाला हटवू नये, एवढाच काय तो दिलासा. याचिकाकर्त्यांपेक्षा पुढच्या खटल्यांच्याच पदरात या निकालाने अधिक टाकले, असे म्हणणे भाग आहे.

शिवाय न्यायालयाने लावलेला अर्थ मोठे पीठ फिरवू शकते. खासगीपणाच्या हक्काला प्रतिकूल असलेले १९५४ आणि १९६२ चे निर्णय २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने फिरवले, तो बदल नागरिकांच्या बाजूने झाला. अमेरिकेत १९७३ मध्ये मान्य झालेला गर्भपाताचा हक्क २०२२ मध्ये काढून घेतला गेला. शिक्षणाच्या हक्काला, तोही आधी न्यायालयानेच मान्य केलेला, २००२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क हे स्वतःचे स्थान मिळाले. उपजीविकेच्या हक्काची भिस्त अजून निकालांवरच आहे.