परग्रहावरचा भयंकर प्राणी काढू या!

परग्रहावरचा एखादा भयंकर प्राणी काढा असे सांगितले, तर तुम्ही काय काढाल? बहुतेक जण माणूसच काढतात! त्याला शिंगे जोडतात, सुळे वाढवतात, अंगाला हिरवा रंग फासतात, की झाला राक्षस तयार! पण असे चित्र पाहून भीती वाटत नाही, हसू येते. हा प्राणी खरोखर चालेल, आपल्याला हेरील आणि पकडील असे पटले, तरच भीती वाटते.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी हे ओळखले होते. थॉमस हक्सली या नामवंत शास्त्रज्ञाकडे ते जीवशास्त्र शिकले होते. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही त्यांची कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील मंगळवासीयांना प्रचंड डोके, चोचीसारखे तोंड आणि चाबकासारखे सोळा बाहू आहेत. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच आहे. म्हणून पृथ्वीवर उतरल्यावर त्यांना स्वतःचेच ओझे पेलवत नाही!

तेव्हा पेन्सिल उचलण्याआधी ग्रह ठरवा. आपण प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती फिरणारा, २०१६ साली सापडलेला ग्रह घेऊ. हा तारा सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, सुमारे सव्वाचार प्रकाशवर्षे दूर. ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीएवढे किंवा थोडे अधिक असावे. तेथे जीवसृष्टी असल्याचा पुरावा मिळालेला नाही. पण कल्पना करायला काय हरकत आहे?

आता पाय काढू. समजा, मुंगीची लांबी, रुंदी आणि उंची शंभर पट केली. तिचे वजन १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख पट होईल. पायाचा छेद मात्र १०० × १००, म्हणजे दहा हजार पटच वाढेल. पायाच्या तेवढ्याच जाडीवर शंभर पट भार! ते काडीसारखे पाय मोडणारच. गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात हाडांचे चित्र काढून हेच समजावले होते. म्हणून आपल्या हत्तीएवढ्या प्राण्याला सहा आखूड, खांबांसारखे पाय द्या. त्याला फार पळता येणार नाही. तो दबा धरून बसेल.

मग डोळे. चितळाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला चहूकडचे दिसते. वाघाचे डोळे समोर असतात, त्यामुळे त्याला भक्ष्याचे अंतर अचूक कळते. आपला प्राणी शिकारी आहे. त्याचे डोळे समोर आणि मोठे काढा.

आता रंगपेटी उघडा. पिवळा-तांबडा वाघ रानात लपतो कसा? चितळाला तांबडा आणि हिरवा हा भेद नीट कळत नाही! म्हणजे रंग निवडताना पाहणाऱ्याचा डोळा आणि तेथला उजेड, दोन्ही ध्यानात घ्यावे लागतात. प्रॉक्सिमा हा सूर्याहून बराच थंड, तांबूस तारा आहे. त्याच्या उजेडात निळा अंश फार थोडा. अशा ताऱ्याजवळच्या वनस्पती मिळेल तेवढा प्रकाश शोषून घेण्यासाठी काळ्या असू शकतील, असे काही शास्त्रज्ञांना वाटते.

करून पाहा : पांढऱ्या कागदावर तांबडा, हिरवा आणि निळा ठिपका काढा आणि लाल जिलेटिनच्या कागदातून पाहा. तांबडा जवळजवळ नाहीसा होईल. हिरवा व निळा काळपट दिसतील.

तर काळ्या झुडपांत लपणाऱ्या या प्राण्याचे अंग काळपट तपकिरी रंगवा. जबड्याचा आतला भाग मात्र लालभडक ठेवा. अंधारलेल्या रानात तोंड उघडताच तेवढाच भाग उजळून दिसेल!

चित्र पुरे झाले की मित्राला दाखवा. तो ‘हे असे का?’ म्हणून विचारील, तेव्हा प्रत्येक अवयवाचे कारण तुम्हांला सांगता आले पाहिजे. कारण सांगता आले, तर तो हसला तरी हरकत नाही. हॅरी व्हिटिंग्टन या शास्त्रज्ञाने १९७२ साली ऑक्सफर्डच्या एका सभेत ओपाबिनिया या प्राण्याचे चित्र दाखवले. पाच डोळे, पुढे सोंड आणि सोंडेच्या टोकाला चिमटा! सभेत हशा पिकला. पण व्हिटिंग्टन यांनी ते चित्र कॅनडातील खडकांत मिळालेले जीवाश्म बारकाईने अभ्यासून तयार केले होते. बोटाएवढा तो प्राणी सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी खरोखरच समुद्रात वावरत होता. आणि तोही परग्रहावर नव्हे, आपल्याच पृथ्वीवर!