कडा करप्याचा माग

गणपतीपुळे-मालगुंड पट्ट्यात लावणी आटोपली, रोपांनी मूळ धरले आणि पाऊस वाऱ्यानिशी झोडपू लागला की भातशेतकऱ्याची नजर पानांच्या कडांवर असते. पानाच्या टोकापासून कडेने खाली उतरणारी नागमोडी पिवळी पट्टी दिसली की कडा करप्याची शंका येते. खात्री करायची तर आजारी पानाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात सोडावा आणि पेला उजेडात धरावा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धार पाण्यात उतरू लागते. त्या धारेत असंख्य जिवाणू असतात. नाव झँथोमोनास ओरायझी.

जपानी शेतकऱ्यांनी हा रोग 1884 मध्येच हेरला होता. भारतात त्याची पहिली नोंद आपल्या महाराष्ट्रातली, 1951 ची. 1963 मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याने थैमान घातले, तेव्हा देश जागा झाला. वादळी पावसात पाने एकमेकांवर घासतात आणि त्या जखमांतून जिवाणू आत शिरतो. लावणीच्या वेळी तरव्याचे शेंडे छाटले, तर त्याला आयतेच दार उघडे होते. युरियाचा हात सैल सुटला की रोग आणखी फोफावतो. एकदा तो मळ्यात पसरला की फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून खरा उपाय एकच, रोपातच प्रतिकारशक्ती हवी.

ती सापडली आफ्रिकेतल्या माली देशाच्या एका रानटी भातात. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत देवदत्त यांनी 1970 च्या दशकात त्याची ताकद ओळखली. पुढे फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत (इरी) गुरदेव खुश यांच्या चमूने तो गुण लागवडीच्या भातात उतरवला. त्यामागचे जनुक म्हणजे एक्सए-21. 1995 मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या गटाने ते वेगळे काढले.

पण रानटी भात कोण जेवणार? त्यातले एकच जनुक घ्यायचे आणि बाकी सगळे गुण आपल्या आवडत्या वाणाचे ठेवायचे, तर संकरित रोपाचा त्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. पहिल्या फेरीत मूळ वाणाचा वाटा सरासरी 75 टक्के होतो, दुसरीत 87.5, तिसरीत जवळपास 94. प्रत्येक फेरीत शेकडो रोपांतून जनुक असलेली रोपे निवडायची असतात. जुनी पद्धत अशी : जिवाणूंच्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीने पानांची टोके कापायची आणि दोन आठवड्यांनी करपलेला भाग पट्टीने मोजायचा. त्यातही एक अडचण होती. एक्सए-5 आणि एक्सए-13 ही करप्याविरुद्धची आणखी दोन उपयुक्त जनुके अप्रभावी आहेत. एकेरी, म्हणजे एकाच पालकाकडून आलेली, असली तर रोपात लपून राहतात आणि रोप रोगट दिसते. अशा रोपात कात्री त्यांना पकडू शकत नाही.

इथे डीएनए खूण, म्हणजे मार्कर, कामी येते. अनोळखी गावात घर सापडेना तर शेजारचा पिंपळ विचारावा, तसे जनुकाला लागून असलेला डीएनएचा ओळखीचा तुकडा शोधायचा. तरव्याचे बोटभर पान कुटून डीएनए काढतात, पीसीआर यंत्रात नेमक्या तुकड्याच्या असंख्य प्रती करतात आणि त्या अगारोजच्या थरात विजेच्या प्रवाहाने पळवतात. लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. पीटीए-248 ही एक्सए-21 ची खूण पाहा : जनुक असलेल्या रोपात साधारण 1000 अक्षरांचा पट्टा दिसतो, नसलेल्यात 660 चा. एकेरी रोपात दोन्ही दिसतात. रोग लागण्याची वाट न पाहता रोपाचा निकाल कळतो.

एक्सए-21, एक्सए-5 आणि एक्सए-13 ही तीन जनुके एकाच वाणात आणण्याचे काम हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेने केले. सांबा मसुरीचे सुधारित वाण 2008 मध्ये प्रसारित झाले. बारीक, मऊ दाणा तसाच राहिला. तिन्ही जनुके एकत्र का? एकट्या एक्सए-21 ला चकवणारे जिवाणू भारतातही आढळले आहेत. तिघांना एकदम चकवणे फार अवघड.

मराठी मुलखालाही डीएनए खुणांचे हे तंत्र नवे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता यांच्या गटाने राहुरी कृषी विद्यापीठाच्या संशोधकांच्या साथीने हरभऱ्याच्या मर रोगासाठी तेच वापरले. मर न लागणारा 'विजय' आणि हमखास मर लागणारा जेजी-62 यांच्या संकरातून प्रतिकारक जनुकांच्या जागा नकाशावर आल्या. त्यावरचा निबंध 2009 चा आहे.

खूण म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. ती फक्त निवडीची वर्षे वाचवते. शेवटची परीक्षा कात्रीची आणि पावसाळ्याची. शिरगावच्या भात संशोधन केंद्राचा आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकणाला मोठा आधार आहे. कोकणच्या आवडत्या भातात ही जनुके उतरून त्याचे बियाणे गणपतीपुळ्याच्या मळ्यापर्यंत पोहोचावे, हीच अपेक्षा. तोवर शेतकऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात : तरव्याचे शेंडे छाटू नयेत आणि युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्यावा.