छिन्नीचे डोके
मुंबई-आग्रा महामार्गाने चांदवडमधून जाताना गॅरेजांतले ठोकण्याचे आवाज कानावर येतात. सातपूर-अंबडच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत प्रेसची धास्ती सगळ्यांना असते. छिन्नी, पाना, कानस यांची मात्र कुणालाच नसते. घाव सोसून छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरते आणि एखाद्या घावाला त्याची कपची गोळीसारखी उडते, बहुधा डोळ्याकडेच. उपाय पाच मिनिटांचा: कडा ग्राइंडरवर घासून टाकायच्या. मूठ नसलेल्या कानशीचे टोक तळहातात घुसते. अडलेला नट सोडवताना पाना ढकलू नये, आपल्याकडे ओढावा. ढकलताना तो निसटला की बोटांची सालटी निघतात. पान्याला पाइप जोडून जोर लावणे तर दुखापतीला आमंत्रणच.

बोट तुटलेच, तर तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात टाकू नये.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अख्खा अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरले होते, तर्जनीला 14. अंगठ्याशिवाय पाना धरून पाहा, हा हिशेब कंजूषच वाटेल.